सात किलो मीठ

जवळात जवळचा समुद्र म्हणजे पुरी नाहीतर विशाखापट्टणम, आणि तिकडे जायलाही रात्रभर गाडीत बसावं लागतं. अशा रायपूरच्या, त्यातही तात्यापाऱ्यातल्या माणसाने फार तर बरणीत एक गोल्डफिश पाळावा आणि गप्प बसावं. मी 200 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आणला.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे एकूण 7 किलो मीठ. हा हिशेब मी जेवताना मोठ्याने केला, तिथे चुकलो.

"सात किलो?" आईचा घास हातातच राहिला. "अरे, आळीभर लोणचं होईल तेवढ्यात!"

हे मीठ तसलं नव्हे, यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं मोजून घातलेलं असतं, असं मी समजावलं. बायकोने किंमत विचारली तेव्हा मात्र मला ठसका लागला.

खरी गंमत दगडाची. खाऱ्या टँकात म्हणे 'लाइव्ह रॉक' हवा, जिवंत दगड. प्रवाळाचे तुटून पडलेले, स्पंजासारखे सच्छिद्र तुकडे. त्यांच्यावरचे जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, दुसरी जमात बसलेली असते, ती नायट्रेटचा वायू करून सोडून देते. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 सालीच लिहून ठेवलं होतं की दगड जिवंत असेल तर फिल्टरचे फार लाड करावे लागत नाहीत. पण आपल्याकडे 2001 पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. ते उचलून आणायचं तर आधी वकील गाठावा लागला असता.

शेवटी डोंबिवलीचा भाचा मदतीला आला. त्याच्या टँकात दोन वर्षं मुरलेला सिरॅमिकचा एक तुकडा त्याने मला देऊ केला. नारळाएवढा तो ऐवज ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मी हावडा मेलने आणला. नागपूर येईस्तोवर डब्यात बोंबिलांचा संशय पसरला होता. समोरच्या बाकावरच्या आजोबांनी तर दोनदा आपल्याच डब्याचं झाकण उघडून वास घेतला.

"बाकीचे दगड कोरे आहेत, त्यांना याच्यामुळे जीव येणार," मी घरी आल्यावर सांगितलं.

"म्हणजे विरजण," आई म्हणाली.

मी महिनाभर रात्री जागून जे वाचलं होतं ते तिने एका शब्दात मिटवलं. तळाला चार इंच वाळू पसरली, तिच्या खालच्या थरात हवा जाता कामा नये, म्हणून ती ढवळायची नाही, हेही तिला पटवावं लागलं नाही. "दही लागताना भांडं कोण हलवतं?"

पुढचे सहा आठवडे टँकात दगड आणि वाळू, बस. आधी सगळ्यावर तपकिरी साय धरली. ती शुभलक्षण आहे हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. पाहुणे वाकून बघत, मग बायकोकडे बघत. आमची कामवाली बाई फडकं हातात धरून विचारती झाली, "पथरा घलो जिंदा रहिथे का?" मी दहा मिनिटं जिवाणूंवर बोललो. त्यानंतर ती त्या खोलीत चप्पल काढून जायला लागली.

मग मे उजाडला. बाहेर 45, टँकाला हवेत 26. बेडरूमचा एसी बैठकीत गेला आणि आम्ही कूलरखाली. पाणी रोज बोटभर उडायचं, पण मीठ कुठे उडतंय? खारटपणा चढतच चालला. मी रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून हवालदिल झालेला पाहून आई आतून बटाटा घेऊन आली. "अर्धा चिरून सोड. आमटीत सोडतो की." मी साधं आरओचं पाणी ओतलं. बटाटा मात्र बराच वेळ टँकाच्या झाकणावर तयारीत बसून होता.

जूनमध्ये एकदाचे दोन क्लाउनफिश आले. त्या दिवशी बादली हिंदकळून खारं पाणी जमिनीवर सांडलं आणि वाळल्यावर आमच्या जुन्या फर्शीवर पांढरे डाग उठले. बायको येण्याआधी पुसावेत म्हणून मी ओणवा झालो. ही फर्शी इथल्याच चुनखडकाची. रायपूर वसलंय तो सगळा खडक सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचलेला. त्यात जागोजागी स्ट्रोमॅटोलाइट सापडतात, सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून केलेले दगड. म्हणजे एके काळचे जिवंत दगडच की! मी डोंबिवलीहून ज्याचा तुकडा आणला, त्याच्या खापरपणजोबांवर आम्ही तीन पिढ्या पाट मांडून जेवतोय. पुसता पुसता मी हे सगळं आईला ऐकवलं.

"मग राहू दे," ती म्हणाली. "सवय असेल त्याला मिठाची."