एकाचे किती?

सव्वापाचातून पावणेतीन वजा करायचे, म्हणजे 5¼ − 2¾. पावातून पाऊण जात नाही, हे उघडच आहे. मग पाचातला एक सुटा करायचा. इथवर मुलं निमूट येतात, घोटाळा पुढे होतो. शेजारच्या सहावीतल्या मुलीने पाचाचे चार केले, सुटा केलेला एक अंशातल्या एकाशेजारी नेऊन उभा केला आणि लिहिलं, 4 पूर्णांक 11/4. एक मोडला की दहा येतात, हे दुसरीपासून अंगवळणी पडलेलं. बिचारीने वहिवाट पाळली. पण छेद चार आहे ना, मग एकाचे चारच! आधीचा एक पाव नि हे चार, झाले पाच. 4 पूर्णांक 5/4 मधून 2¾ गेले, उरले अडीच.

मला मुलीपेक्षा दशमान पद्धतीचाच राग आला. 1 एप्रिल 1957 रोजी (मुहूर्तही बघा!) रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपया मोडला तर सोळा आणे, आणा मोडला तर चार पैसे, पैसा मोडला तर तीन पै. शेराचे सोळा छटाक, तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. त्या काळच्या पोरांनी पावकी-निमकी घोकताना छड्या खाल्ल्या असतील, पण काहीही मोडण्याआधी ‘एकाचे किती?’ हे विचारायची खोड त्यांना आपसूक लागायची. नंतर सगळं दहाच्या रांगेत बसलं. सोय झाली, यात वाद नाही.

घड्याळ तेवढं बधलं नाही. पावणेतीनला सुटलेली एसटी सव्वापाचला पोचली, तर वेळ किती लागला? मोबाइलवर 5.15 मधून 2.45 वजा करा, 2.70 येतात. दोन तास सत्तर मिनिटं! (एसटीच्या बाबतीत हे खपूनही जाईल.)

घरातली वडील माणसं या मोडतोडीत पडतच नाहीत. पावणेतीनचे तीन व्हायला पाव, तिनाचे सव्वापाच व्हायला सव्वादोन, अडीच. कागदही लागत नाही. परीक्षेत मात्र रीत दाखवली नाही म्हणून पाचातला अर्धा गुण कापतील. कापू देत. तेवढ्यासाठी बाईंनाही आधी पाचातला एक मोडावाच लागेल, आणि त्याचे दहा नव्हे, दोनच होतील.