माशांनीच जमवून घ्यावं!

अमेरिकेतल्या हडसन नदीत टॉमकॉड नावाचा एक छोटा मासा तळाशी वावरतो. या माशाने विषाशी जमवून घेतलंय, असं 2011 साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. त्याच्या एका जनुकातली सहा अक्षरं गळाली आणि पीसीबी नावाचं रसायन त्याला फारसं बाधेनासं झालं. उत्क्रांतीचा केवढा हा चमत्कार!

ज्यांची सहा अक्षरं गळाली नाहीत, ते कौतुक ऐकायला उरले नाहीत.

विष आलं कुठून? नदीच्या वरच्या अंगाला जनरल इलेक्ट्रिकचे दोन कारखाने होते. 1947 ते 1977 या काळात तिथे कपॅसिटर बनवता बनवता सुमारे 6 लाख किलोपर्यंत पीसीबी नदीत गेलं. ते सहजी जळत नाही, कुजत नाही, म्हणून तर उद्योगांचं लाडकं. नदीच्या गाळातही त्याने हेच गुण दाखवले. मग तक्रार कसली?

तेव्हा हे बेकायदा नव्हतं, असा कंपनीचा बचाव. असेलही. कायद्याला जाग आली तोवर विषाने माशांच्या चरबीत मुक्काम ठोकला होता.

1976 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारने खंबीर पाऊल उचललं. वरच्या टप्प्यात मासे धरायला बंदी, खाली स्ट्राइप्ड बास या माशाचा धंदा बंद.

गुन्हा नळाचा, शिक्षा जाळ्याला.

1995 मध्ये वरच्या टप्प्यात गळ टाकायची मुभा मिळाली. अट एकच: मासा धरा, बघा, परत सोडा. आरोग्य खात्याचा सल्ला तर वाचण्यासारखा. मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी आणि 15 वर्षांखालच्या मुलांनी हडसनचा मासा खाऊच नये. बाकीच्यांनी खालच्या टप्प्यातले काही मासे बेताने खावेत. कातडी सोला, पोटाकडची चरबी काढा. खेकड्याच्या कवटीतला हिरवट मगज टाका आणि उकळलेलं पाणीही ओतून द्या.

नदीकाठच्या जर्सी सिटीतल्या एखाद्या मालवणी घरात हे सांगून बघा. रस्साच ओतायचा, तर खेकडा आणला कशाला?

मग गाळ उपसायचा विषय निघाला. कंपनी म्हणाली, कशाला ढवळता? नदी आपली आपण साफ होतेय! नदी सगळ्यांची पापं धुते, हा युक्तिवाद आपल्या घाटांवरच चालतो असं वाटायचं. तो न्यूयॉर्कमध्येही चालतो, फक्त तिथे तो मांडायला वकील लागतात.

अखेर 2009 ते 2015 गाळ उपसला. खर्च कंपनीनेच केला, हे मान्य. पण उपसला तो वरच्या साठेक किलोमीटरमधला. विषारी म्हणून जाहीर झालेला पट्टा मात्र थेट न्यूयॉर्क शहराच्या टोकापर्यंत, तब्बल 320 किलोमीटर. उरलेल्या गाळाचं काय करायचं?

जमवून घ्यायचं. टॉमकॉडचा आदर्श आहेच.

फक्त या आदर्शाची एक बाजू कौतुकाच्या भरात राहून जाते. टॉमकॉड विषाने मरत नाही, पण विष अंगात साठवून हिंडतो. त्याला स्ट्राइप्ड बास खातो आणि बासला आपण. बासने किंवा आपण कुठलं जनुक बदललंय?

2002 मध्येच अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेने हिशेब मांडला होता: गाळ उपसूनही काही मासे आठवड्यातून एकदा बिनघोर खाण्याजोगे व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. घाण करायला 30 वर्षं पुरली होती.

इतक्या लांबच्या वायद्याची एक सोय असते. मुदत भरते तेव्हा जाब द्यायला कोणीच खुर्चीत नसतं.