फेररचनाकाका

आयर्लंडमध्ये मलिंगारला घर भाड्याने घेतलं तेव्हा एजंटाने बॉयलर दाखवला, कचऱ्याचे तीन डबे दाखवले. शेजारी दाखवला नाही. तो तिसऱ्या दिवशी आपणहून आला. हातात ब्राउन ब्रेड, काखेत वही. ब्रेड त्यांच्या बायकोने पाठवला होता, वही त्यांची स्वतःची. चहा उकळेपर्यंत त्यांनी आमच्या टेबलावर अख्खं हर्लिंग मांडलं. मिठाची बरणी म्हणजे किलकेनी, लोणच्याची कॉर्क, साखरेचा डबा टिपरेरी. आणि टेबलाच्या पार कडेला, कोपर लागला तर घरंगळेल असा एक वेलदोडा. ‘‘हे आपण,’’ ते म्हणाले. आपण म्हणजे वेस्टमीथ काउंटी. मला येऊन तीन दिवस झाले होते.

ते गेल्यावर माझ्या बायकोने त्यांचं नाव ठेवलं : फेररचनाकाका.

हर्लिंग पहिल्यांदा बघताना वाटतं, विटीदांडूत भांडण लागलंय आणि सोडवायला कोणी येत नाहीये. पंधरा-पंधरा माणसं, हातात अ‍ॅशच्या लाकडाची हर्ली, चेंडू बहुतेक वेळ डोक्यावरून सुसाट. गोलखांबांच्या आडव्या दांडीखालून गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर एक. १८८४ साली थर्ल्स गावच्या हॉटेलात स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन हा खेळ चालवते आणि खेळाडूला पगार देत नाही. ज्याने त्याने आपल्या काउंटीसाठी खेळायचं. त्यामुळे दुबळ्याला चांगला खेळाडू विकत आणता येत नाही; जे गावात जन्मतील त्यांच्यावर भागवायचं. किलकेनीत पोर पाळण्यात हर्ली मागतं. १८८७ पासूनच्या अजिंक्यपदांत २०२५ पर्यंत किलकेनीची ३६, कॉर्कची ३०, टिपरेरीची २९. वेस्टमीथचा आकडा काकांनी वहीत लिहिलेला नाही, तिथे कपाचा गोल डाग आहे.

मग दुबळ्यांचं करायचं काय? हा प्रश्न संघटनेलाही पडतो आणि ती अधूनमधून घर आवरल्यासारखी स्पर्धा आवरते. १९९७ साली प्रांताची अंतिम फेरी हरणाऱ्याला स्पर्धेत परतायला मागचं दार उघडून दिलं. २००५ साली खालच्या काउंट्यांना क्रिस्टी रिंग कप आणि निकी रॅकार्ड कप दिले, २००९ मध्ये त्याखाली लोरी मार कप. २०१८ पासून लेन्स्टर आणि मन्स्टर या दोन प्रांतांत साखळी सामने, आणि त्यांच्या लगेच खाली जो मॅकडोना कप. लोरी मार कपावर काकांचं एक वाक्य आहे, ते दर वेळी नव्याने सुचल्यासारखं म्हणतात : ‘‘सगळ्यात दुबळ्यांच्या कपाला नाव कोणाचं, तर किलकेनीच्या खेळाडूचं! कपसुद्धा त्यांनीच नेला.’’

काकांच्या वहीत एक्केचाळीस योजना आहेत. आठ-आठचे गट, सोळांची एकच साखळी, प्रांत बरखास्त, प्रांत पुन्हा बहाल. कुठलंही पान उघडा, वेस्टमीथ वरच्या गटात असतं. कधी ‘भौगोलिक समतोल’ म्हणून, कधी ‘शॅनन नदीपर्यंत खेळाचा प्रसार’ म्हणून. एकोणतिसाव्या योजनेत तर निव्वळ वर्णानुक्रमाने, तोही उलट.

गंमत म्हणजे दुबळ्याला काय हवं, हे काकांचं सोमवारी एक असतं आणि गुरुवारी दुसरं. खालच्या गटात कप जिंकता येतो, पण बघायला चार नातेवाईक आणि एक कुत्रा. वरच्या गटात मैदान भरतं. ते समोरच्यांच्या माणसांनी भरतं आणि त्यांच्यादेखत वीस-पंचवीस गुणांनी मार पडतो. मार पडला की काका म्हणतात, पोरांचा उत्साह मारताय. खाली ढकललं की म्हणतात, मार खायचा आमचा हक्क काढून घेताय.

केरीचा विषय काढू नये. बायको काढते, कारण त्यावर काका दुसरा कप चहा मागतात आणि तिला आलं किसायला निमित्त हवं असतं. मुद्दा असा की लेन्स्टरमध्ये तळाला गेलेला संघ थेट मॅकडोना कपात जातो. मन्स्टरमध्ये तळाचा सुखरूप; मॅकडोना कप मन्स्टरच्याच संघाने जिंकला, तरच त्याच्या खुर्चीला धोका. असा संघ म्हणजे केरी. आणि केरी २०२०, २०२१, २०२२ अशी लागोपाठ तीन वर्षं त्या कपाची अंतिम फेरी हरली. ‘‘न्यायासाठी केरी जिंकायलाच हवी होती,’’ काका टेबलावर बोट आपटतात. ‘‘२०२१ मध्येपण?’’ बायको निरागसपणे विचारते. २०२१ मध्ये केरीला हरवलं होतं वेस्टमीथने. काका बिस्कीट बुडवतात, फार वेळ बुडवतात, बिस्कीट तुटतं.

२०२३च्या हिवाळ्यात कॅव्हन, फर्मॅना, लीट्रिम, लाँगफर्ड आणि लाउथ या पाच काउंट्यांना राष्ट्रीय लीगमधून वगळायचा प्रस्ताव आला. काका संतापले. लाँगफर्ड तर आमची शेजारीण! ‘‘उद्या आमची पाळी!’’ आरडाओरड झाली आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. त्या संध्याकाळी काका फुशारकीने वही चाळत होते. मी सहज डोकावलो. चौदाव्या योजनेत तळाशी तुटक रेषेचा चौकोन होता, वर ‘विकास गट’, आत पाच नावं. तीच पाच. काकांनी वही मिटली. ‘‘तुटक रेषा आहे,’’ ते म्हणाले.

नियम बदलायचा तर ठराव क्लबातून काउंटीत, काउंटीतून संघटनेच्या वार्षिक काँग्रेसमध्ये, आणि तिथे साठ टक्के मतं लागतात. काकांचा ठराव क्लबच्या सभेतच ‘आयत्या वेळचे विषय’ या कलमाखाली येतो. त्या वेळी सगळ्यांचा एक हात कोटाच्या बाहीत गेलेला असतो. ‘‘पुढच्या वर्षी सविस्तर घेऊ,’’ अध्यक्ष म्हणतात. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीबद्दल हेच म्हणत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पण काकांना ओळखायचं तर मे २०२३चा वेक्सफर्डचा सामना. मला घेऊन गेले होते. वेक्सफर्डने पहिल्या भागात पोरांना असं झोडपलं की मी आजूबाजूला बघायचंच सोडलं. वेस्टमीथ १७ गुणांनी मागे पडलं होतं. मधल्या वेळेत काका उठले. ‘‘असे सामने भरवणंच चूक आहे,’’ म्हणाले, आणि वही घेऊन गाडीकडे गेले. फोन त्यांच्या बायकोच्या पर्समध्ये, पर्स मलिंगारला.

नंतर जे झालं ते मी उभा राहून पाहिलं. वेस्टमीथ ४-१८, वेक्सफर्ड २-२२. गोलाचे तीन धरून हिशेब करा : दोन गुणांनी जिंकलो. मी ओरडत पार्किंगकडे धावलो. काका बॉनेटवर वही पसरून, फुटपट्टीने रेघ मारत होते. आतून गर्जना येत होत्या, त्या त्यांनी वेक्सफर्डच्या खात्यावर टाकल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. मग काढली. मग पुन्हा खोचली.

पुढच्या रविवारी वेक्सफर्डने किलकेनीला हरवलं, स्वतःला वाचवलं, आणि खाली गेलं वेस्टमीथ. सोमवारी सकाळी काका दारात. नवं कलम : सतरा गुणांची पिछाडी भरून काढणाऱ्या संघास त्या वर्षी खाली ढकलता येणार नाही. मन हलकं करावं म्हणून मी त्यांना आमच्याकडची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, रणजी सामना. काठियावाड सर्व बाद २३८, महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊच कमी. आणि काठियावाडने तिथेच सामना सोडून दिला.

काकांनी ‘काठियावाड’ लिहून घेतलं, वजाबाकी केली, ५८८ खाली दोन रेघा मारल्या. त्यांना कुठल्या गटात टाकायचं हे विचारतील, असं मला वाटलं.

‘‘सोडलं कधी?’’

‘‘मधल्या सुट्टीत.’’

काका बराच वेळ वेलदोड्याची टरफलं गोळा करत राहिले.

‘‘तुमच्या मैदानाला,’’ त्यांनी हळूच विचारलं, ‘‘पार्किंग किती लांब होतं?’’