जंगम मालमत्ता

परकी भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांचा असा समज असतो की परदेशात गेलेला माणूस सतत स्टेशन शोधत हिंडतो. पहिल्या धड्यात तो आपलं नाव सांगतो, दुसऱ्यात स्टेशन कुठे आहे ते विचारतो, तिसऱ्यात कॉफी मागवतो आणि चौथ्यात त्याला एकदम डॉक्टरकडे जावं लागतं, बहुधा त्या कॉफीमुळेच. घरातल्या सामानाचा धडा येईपर्यंत निम्मे विद्यार्थी गळालेले असतात. उरलेले 'खुर्ची टेबलाच्या शेजारी आहे' हे वाक्य घोकतात आणि मनात म्हणतात, दिसतंय की! सांगायचं कुणाला?

मला ते सांगायला माणूस मिळालं. वायादोलिदमधली आमची घरमालकीण.

नवऱ्याची बदली चाकणहून स्पेनमधल्या या शहरातल्या मोटारींच्या कारखान्यात झाली. कारखान्यात इंग्रजीवर भागत होतं, त्यामुळे स्पॅनिशची जबाबदारी घरावर, म्हणजे रीतीप्रमाणे माझ्यावर येऊन पडली. घर 'आमुएब्लादो' होतं, फर्निचरसकट. अशा घराच्या करारनाम्याला सामानाची यादी जोडलेली असते. तिथल्या १९९४च्या भाडेकायद्याप्रमाणे राहत्या घरासाठी एका महिन्याच्या भाड्याइतकी अनामत ठेवावी लागते आणि घर सोडताना यादीबरहुकूम सगळं जागेवर असलं की ती परत मिळते. थोडक्यात, फर्निचरच्या प्रत्येक शब्दाची किंमत मला युरोत मोजायची होती. असा शब्दसंग्रह माणूस विसरत नाही.

घरमालकिणीला स्पॅनिशमध्ये 'कासेरा' म्हणतात. आमच्या घरात तिची लगेच 'कासेराबाई' झाली. सत्तरी ओलांडलेली, ताठ, ओठांना लिपस्टिक लावल्याशिवाय जिन्यातही न येणारी बाई. पहिल्या दिवशी यादी हातात धरून तिने मला खोल्याखोल्यांतून फिरवलं. वस्तूवर बोट ठेवायचं, नाव घ्यायचं आणि त्या वस्तूची कुळकथा सांगायची, असा तिचा क्रम. 'मेसा' म्हणजे टेबल, ते तिच्या नवऱ्याने पहिल्या पगारातून घेतलं. 'आपारादोर' म्हणजे कपबशा ठेवायचं बुटकं कपाट, ते आईचं. 'एस्पेहो' म्हणजे आरसा, तो लग्नात आलेला. 'सियोन' म्हणजे हातांची खुर्ची, तिच्यात तिचे वडील बसायचे. तुम्ही बसू नये असं तिचं म्हणणं नव्हतं, पण मी बसल्यावर तिने जो उसासा सोडला तो ऐकून मी उठले. पुस्तकाने मला वस्तूंची नुसती नावं दिली असती. कासेराबाईंनी त्यांचं सासर-माहेर सांगितलं.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे की इथे मराठी माणूस बऱ्यापैकी सुखात असतो. महापालिकेच्या स्पॅनिशच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारी आयरिश मुलगी रोज नव्याने दुःखी व्हायची: खुर्ची बाई कशी असू शकते? आपल्याला त्याचं काही वाटत नाही. आपली खुर्ची बाईच आहे, पलंग बुवा आहे आणि कपाट 'ते' आहे. अडचण होते ती या 'ते'ची. स्पॅनिश सामानात नपुंसकलिंगाला थारा नाही. आयुष्यभर तटस्थ राहिलेल्या टेबलाला, कपाटाला, स्टुलाला तिथे उतरल्या उतरल्या बाजू निवडावी लागते. टेबल 'मेसा' होऊन बायकांत गेलं. कपाट 'आर्मारिओ' आणि स्टूल 'ताबुरेते' होऊन पुरुषांत जाऊन बसलं. सगळ्यात वाईट वाटलं ते पलंगाचं. आपल्याकडचा एवढा भरभक्कम पुरुष तिथे 'कामा' होऊन बाई झाला आणि त्याच्यावरची गादी 'कोल्चोन' होऊन पुरुष झाली. एवढ्या उलथापालथीत सोफा मात्र दोन्हीकडे पुल्लिंगीच राहिला. सोफ्याला देश बदलल्याने फरक पडत नाही. त्याच्यावर आडवा होणाऱ्यालाही पडत नाही, हे मी रोज संध्याकाळी बघत होते.

कासेराबाईंच्या यादीत माझे काही नातेवाईकही निघाले. 'आर्मारिओ'चा सख्खा पोर्तुगीज भाऊ भारतात आला आणि त्याची अलमारी झाली. स्वयंपाकघरातल्या भिंतीतल्या फडताळाला 'आलाथेना' म्हणतात. तो शब्द अरबी, आणि ज्या अरबी धातूतून तो आला त्यातूनच आपला खजिना. सासूबाईंनी दिलेलं लिंबाचं लोणचं मी त्यात ठेवलं, तेव्हा व्युत्पत्ती आणि वस्तुस्थिती यांचा अगदी मेळ बसला. उशी 'आल्मोआदा', गालिचा 'आल्फोम्ब्रा', हेही अरबीच. इसवी सन ७११ ते १४९२ या काळात स्पेनच्या कमीअधिक भागावर मुस्लिम सत्ता होती, तिची ही शिल्लक. टेकायचं, पसरायचं, साठवायचं सामान अरबीतून आलं. पाठ ताठ ठेवून बसायची 'सिया' तेवढी लॅटिनमधून. यावरून कोणाला जगणं अधिक कळलं होतं, ते ज्याने त्याने ठरवावं.

पलंगाशेजारच्या छोट्या टेबलाने मात्र माझा अंत पाहिला. कासेराबाई त्याला 'मेसिया दे नोचे', रात्रीचं टेबलुकं, म्हणायच्या. वरच्या मजल्यावरच्या अर्जेंटिनाच्या बाईंनी सांगितलं, छे, ते 'मेसा दे लुस', दिव्याचं टेबल. त्यांच्याकडे कामाला येणारी कोलंबियाची मुलगी म्हणाली, 'नोचेरो'. मेक्सिकोत त्याला 'बुरो' म्हणतात आणि चिली-पेरूकडे 'बेलादोर'. वीतभर लाकूड, एक खण, वर एक चष्मा आणि एक पाण्याचा पेला. त्यावर वीस देशांची भाषा अशी भांडत होती. मी त्याला घरात 'ते' म्हणायला लागले. निदान एका वस्तूला तरी नपुंसकलिंग परत मिळालं.

थंडी आली आणि आणखी एका वस्तूची ओळख झाली. वायादोलिद स्पेनच्या मधल्या पठारावर, सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. या पठाराला 'मेसेता' म्हणतात आणि तो शब्दही 'मेसा'वरूनच आलेला. थोडक्यात आम्ही सगळे एका टेबलावर राहत होतो आणि त्या टेबलावर डिसेंबरात धुकं साचत होतं. कासेराबाईंनी कोपऱ्यातलं गोल टेबल पुढे ओढलं. याचं नाव 'मेसा कामिया'. त्याच्यावरून जमिनीपर्यंत जाडजूड कापड सोडलेलं असतं, आणि त्या कापडाला तिकडे सरळ परकरच म्हणतात: 'फाल्दास'. आत, पायांशी, शेगडी. पूर्वी कोळशाची, आता विजेची. सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, परकराचा काठ मांडीवर घ्यायचा, पाय शेकायचे आणि गप्पा मारायच्या. जेवणानंतर टेबलावरून न उठता गप्पा मारत बसण्याला तिथे 'सोब्रेमेसा' असा स्वतंत्र शब्द आहे. आपल्याकडे या प्रकाराला 'हात वाळले, उठा आता' म्हणतात.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग सासूबाईंनी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर घर बघितलं.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण सूनबाई, पलंगाचं डोकं कुठल्या दिशेला आहे?"

मी होकायंत्र काढलं. उत्तर.

"अगंबाई! उत्तरेला डोकं करून झोपताय? आजच्या आज फिरव तो पलंग."

"आई, तो हलवता येत नाही. करारात आहे."

"कसला करार? पलंग आहे की पर्वत?"

प्रश्न रास्त होता, आणि स्पॅनिश भाषा पूर्णपणे त्यांच्या बाजूने होती. फर्निचरच्या नगाला स्पॅनिशमध्ये 'मुएब्ले' म्हणतात, म्हणजे हलवता येणारं. कायद्याच्या भाषेत 'मुएब्लेस' म्हणजे आपली जंगम मालमत्ता आणि 'इनमुएब्लेस' म्हणजे स्थावर. मी हा मुद्दा घेऊन कासेराबाईंकडे गेले. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नो मुएबास एल मुएब्ले, इहा." इहा म्हणजे पोरी. आणि बाकीचं वाक्य म्हणजे, हलणारं हलवू नकोस, पोरी. व्याकरणाच्या पुस्तकात नकारार्थी आज्ञा फार पुढे येते, कारण तिच्यात क्रियापदाचं रूप बदलतं आणि विद्यार्थी घाबरतात. मला ती सगळ्यात आधी पाठ झाली.

मग मी इतिहासाचा आधार घेतला. वायादोलिदमध्ये लेखक सर्व्हान्तेसचं घर आहे. तो तिथे राहत असतानाच, १६०५ मध्ये, त्याच्या 'दोन किखोते' या कादंबरीचा पहिला भाग माद्रिदला छापून आला. आज त्या घरात त्या काळातलं फर्निचर मांडून संग्रहालय केलं आहे. त्या काळातलं सामान खरोखरच जंगम होतं. बड्या लोकांचा मुक्काम एका गावी नसायचा, म्हणून मोठमोठ्या पेट्या, घडीच्या खुर्च्या, आणि ज्याला पुढे 'बार्गेन्यो' नाव पडलं तो पेटारा: पुढची फळी पाडली की लिहायचं टेबल, आत चिमुकले खण, आणि दोन्ही बाजूंना उचलायच्या कड्या. प्रतिष्ठित घरांतल्या बायका तर खुर्चीवर बसतच नसत. त्यांच्यासाठी गालिचा घातलेला बुटका चौथरा असे, त्यावर उशा टाकून त्या मांडी घालून बसत. हीसुद्धा मुस्लिम काळापासून चालत आलेली रीत. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे बैठकच की! मग खुर्च्यांत काय पाहिलं मेल्यांनी?"

पण माझा खरा हुकमाचा पत्ता वेगळाच होता. १६०१ मध्ये राजा तिसरा फेलिपे याने, लेर्माच्या ड्यूकच्या नादाने, अख्खा दरबार माद्रिदहून उचलून वायादोलिदला आणला. राजधानीच हलवली. राजा आला, सरदार आले, कारकून आले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या खुर्च्या, पेट्या, पलंगही आले.

"बघा," मी कासेराबाईंना म्हणाले, "तुमच्या राजाने अख्खी राजधानी हलवली. मी एक पलंग फिरवायचं म्हणतेय."

कासेराबाईंनी कॉफीचा घोट घेतला. "आणि १६०६ मध्ये परत माद्रिदला नेली. पाहिलंस? एकदा हलवलेली वस्तू इथे टिकत नाही."

चारशे वर्षांपूर्वीचा राग अजून ताजा होता. मी माघार घेतली. पण जाता जाता, कारण समजावं म्हणून, दिशांची भानगड सांगितली. उत्तर वाईट, दक्षिण उत्तम. त्या एकदम सावध झाल्या. त्यांनी आमची झोपायची खोली डोळ्यांसमोर आणली. दार उत्तरेला. डोकं दक्षिणेला केलं तर पाय कुठे? दाराकडे! त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. पाय पुढे करून घराबाहेर जाणं म्हणजे स्पॅनिशमध्ये तिरडीवरून जाणं. त्यांच्या घरात, त्यांच्या पलंगावर, असं कुणी झोपणार नाही.

"मला तुझ्या सासूशी बोलू दे," त्या म्हणाल्या.

मी फोन लावला आणि दोघींच्या मध्ये बसले. सासूबाईंनी दाराकडे पाय हे ऐकलं मात्र, "अगदी बरोबर बोलतात त्या! दाराकडे पाय करून कोण झोपतं? तुला एवढंही कळत नाही?" माझं भाषांतर ऐकून कासेराबाईंनीही माझ्याकडे त्याच नजरेने पाहिलं. युती झाली. पश्चिमेच्या भिंतीत 'एम्पोत्रादो' म्हणजे पक्कं बसवलेलं कपाट होतं; ते स्थावर, त्यामुळे बाद. राहिली पूर्व. पूर्वेला 'कोमोदा', म्हणजे खणांचं कपाट, होतं. ते बाहेरच्या खोलीत न्यावं तर तिथे आईचं आपारादोर. आपारादोर सरकवावं तर वडिलांची सियोन. सियोन घ्यावी तर सोफा.

"कोमोदा खिडकीखाली," साताऱ्याहून हुकूम आला.

मी तोंड उघडायच्या आत कासेराबाईंनी मान डोलावली. पुढे माझ्याकडे फक्त फोन धरायचं काम राहिलं. वरून कोलंबियाची मुलगी आली, अर्जेंटिनाच्या बाई आल्या. तिघींनी मिळून पलंग फिरवला. 'ते'सुद्धा पलंगामागून गेलं, आणि जाताना त्याच्या नावावरून पुन्हा वाद झाला. आरशाने भिंत बदलली. अनेक वर्षं एका जागी बसलेलं सामान धूळ झटकत निघालं आणि त्याच्याखाली सापडलेली कासेराबाईंचा एक डूल, दोन जुनी पेसेता नाणी आणि कुणाचं तरी बटण यावर अर्धा तास चर्चा झाली. सगळं मनासारखं लागल्यावर कासेराबाईंनी यादी मागवली, प्रत्येक नावापुढे नवी जागा लिहिली आणि खाली झोकदार सही केली. सियोन खिडकीशी उन्हात आली होती. तिच्यात त्या स्वतः बसल्या, आणि सासूबाईंचा फोन त्यांनी समोरच्या आपारादोरवर उभा करून ठेवला.

एवढ्यात नवरा कामावरून आला. त्याने बूट काढले, नव्या जागी गेलेला सोफा बघितला, आणि टीव्ही नीट दिसावा म्हणून त्याचं एक टोक उचलून जरासं, अगदी चार बोटं, सरकवायला घेतलं.

"नो मुएबास!" खुर्चीतून आवाज आला.

"हलवू नकोस रे!" आपारादोरवरून आला.

त्याने सोफा होता तिथेच सोडला. त्या दिवशी मला प्रथमच दुभाष्याचं काम उरलं नव्हतं. कुठल्याच वस्तूला आपला धक्का लागू नये म्हणून तो रात्री उभ्यानेच जेवला.