अण्णांची जावा आणि परका पिस्टन

वहिनी, काल रात्री डिझेलचा वास आला का तुमच्याकडं? अहो, अण्णांच्या अंगणातून येतोय तो. जावा उघडलीय त्यांनी, अगदी पुरती. गेटपासून तुळशीपर्यंत पोत्यांवर नुसते नट, रिंगा आणि गिअर पसरलेत. त्यांच्या शालूताई बिचाऱ्या कपडे वाळत घालायला आमच्या दोरीवर येतात.

तीच हो, १९७१ ची, शालूताईंच्या सासऱ्यांची. डाव्या पायाशी एकच दांडी, तिनंच किक मारायची आणि मग तीच खाली पाडून गिअर टाकायचा. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. त्या काळी आख्ख्या गल्लीला कळायचं ती आली की. पुढं पिस्टन चिकटला तेव्हा जी भिंतीला टेकवली, ती आत्ता अण्णा रिटायर झाल्यावर बाहेर निघाली.

आता खरी बातमी ऐका. बाळू मेस्त्रीनं सिलिंडर मापला. ही अडीचशेची जावा, ६५ मिलिमीटर बोअर, ७५ चा स्ट्रोक. आत ओरखडे पडलेले, म्हणजे अर्धा मिलिमीटर वाढवून ६५.५ करायला लागणार. त्या मापाचा जावाचा पिस्टन काही लगेच मिळेना. तर हा बाळू काय म्हणाला माहितेय? म्हणाला, ‘अण्णा, करिझ्माचा टाकू. बरोब्बर ६५.५ आहे, डोळे झाकून बसतोय.’ आणि अण्णा खूश! शालूताईंना म्हणाले, चला, पैसेही वाचले.

मला काय कळतं म्हणता? वहिनी, माझं माहेर उद्यमनगरातलं. बाबांचं बोअरिंगचं दुकान होतं. शाळेतून आलं की दप्तर लेथच्या शेजारी टाकायचं आणि मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवायचा. पिस्टन कशाशी खातात ते मला पोळ्या लाटायच्या आधी कळलंय.

म्हणून मी भिंतीवरूनच विचारलं, अण्णा, करिझ्मा फोरस्ट्रोक ना हो? तर बाळू माझ्याकडं बघतच राहिला. अहो, दुसरीचं ब्लाउज छातीला बसलं म्हणजे बाह्यांना बसतं होय! बोअर जुळला, हे खरं. २२३ सीसीची करिझ्मा, ६५.५ गुणिले ६६.२, कागदावर माप पाठच आहे बाळूला. पण फोरस्ट्रोकमध्ये हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला वर व्हॉल्व्ह असतात. जावेत व्हॉल्व्ह कुठायत? तिथं पिस्टनच दारवान. सिलिंडरच्या भिंतीला भोकं, आणि पिस्टनचा घेर, स्कर्ट म्हणतात बघा, तो वरखाली होताना ती झाकतो आणि उघडतो. फोरस्ट्रोकचा पिस्टन बुटका. तो वर गेला की त्याच्या खालून एक्झॉस्टचं भोक उघडं पडणार आणि जळका धूर थेट क्रँककेसमध्ये. कार्बोरेटरकडचं भोकही भलत्या वेळी उघडं राहणार. गाडी चालू झालीच तर खोकतच राहील नुसती.

आणि रिंगा! टूस्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत बारीकशी पिन ठोकलेली असते. कशासाठी? रिंग गोल फिरू नये आणि तिचं तोंड भोकापुढं येऊ नये म्हणून. फोरस्ट्रोकमध्ये रिंगा मोकळ्या फिरतात, तिथं चालतं. इथं रिंगेचं टोक पोर्टमध्ये अडकलं की मोडलंच, आणि तुकडा सिलिंडर नांगरून जातो. शिवाय ती ऑइल रिंग, भिंतीवरचं ऑइल खरवडायला लावलेली. टूस्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, तेवढ्यावरच सगळं चाललेलं, ते खरवडून टाकायचं?

बाळू म्हणाला, मग आरडी ३५० चा बघू. हा थोडा शहाणपणाचा विचार होता, म्हणजे टूस्ट्रोक तरी. पण आरडीचा पिस्टन ६४ चा. सिलिंडर मोठा करता येतो हो, लहान कसा करणार? नवं लायनर ओतून बसवायचं म्हणजे पिस्टनपेक्षा खर्च जास्त. आणि आरडीत कार्बोरेटरपुढं रीड व्हॉल्व्ह असतात, म्हणून तिच्या पिस्टनला मागच्या अंगाला खिडक्या कापलेल्या असतात. जावेत रीड नाहीत. त्या खिडक्यांनी इनटेक झाकलाच जाणार नाही. बाळूनं पिस्टन आणूनही दाखवला, हातात फिरवून फिरवून बघितला, आणि गप बसला. पोरगं चांगलं आहे हो, ऐकतं तरी.

पण खरी मजा संध्याकाळी. कोपऱ्यावरचे सर आले. ते काय, प्रत्येक गोष्टीत ओरिजिनल. अण्णांना म्हणाले, ‘दुसऱ्या कंपनीचा एक नटसुद्धा लावू नका, गाडीचा आत्मा जातो.’ मला राहवलं नाही. म्हटलं, सर, कुठल्या आत्म्याबद्दल बोलताय? जावाची पहिली गाडी १९२९ ची, ती जर्मनीच्या वांडररची. झेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेकनं तिचे हक्क विकत घेऊन बनवलेली. पुढं १९३२ ला जी गाडी खपली, त्या १७५ च्या पोटात इंग्लंडच्या व्हिलियर्सचं इंजिन. मग म्हैसूरला आयडियल जावा आली, तिनं आधी झेकांचा जिकोव्ह कार्बोरेटर लावला आणि नंतर तिच्याच येझदीवर आपल्याकडं बनलेला मिककार्ब. कारखाना १९९६ ला बंद पडला. २०१८ ला नवी जावा आली म्हणून सर स्वतः पेढे वाटत होते, तिचं इंजिन महिंद्राच्या मोजोवरून काढलेलं. बुलेटवाल्यांचं तर बोलूच नका. कंपनीनंच ३२५ सीसीचं डिझेल इंजिन घालून बुलेट विकलेली आहे, ग्रीव्ह्ज लोम्बार्डिनीचं. ती डगडगत जायची आमच्या दारावरून दूधवाल्याची.

सर म्हणाले, ‘कंपनीनं केलं तर वेगळं.’ का वेगळं? कंपनीनं मोजून केलं म्हणून. मग आपणही मोजून करायचं, एवढंच ना!

बेअरिंगचं घ्या. बेअरिंग काय जावाचं आणि काय यामाहाचं? बाजूला नंबर कोरलेला असतो. ६३०५ म्हटलं की आतला व्यास २५, बाहेरचा ६२, जाडी १७, जगात कुठंही जा. क्रँकला घेताना फक्त नंबरापुढं सी-थ्री बघायचं, म्हणजे गरम झाल्यावर फुगायला जागा असलेलं. हे बाबा माझ्याकडून दहाव्या वर्षी घोकून घ्यायचे. ऑइल सीलचंही तसंच, तीन मापं जुळली की झालं. प्लगचे आटेही ठरलेले. यात ओरिजिनल शोधत बसणारा माणूस डबीचे पैसे देतो, मालाचे नाही. पिस्टन, कनेक्टिंग, पोर्ट यांना मात्र हात लावताना पट्टी घेऊन बसायला पाहिजे.

शेवटी पिस्टन मिळाला हो. जावाच्याच नमुन्याचा, ६५.५, कारखाना तिसराच कुणाचा तरी. सरांच्या हिशेबानं डुप्लिकेट. पण मी अण्णांना म्हटलं, आला म्हणून लगेच घालू नका. गजन पिनचा व्यास बघा, बुश रीम करायला लागेल का ते बघा. पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतचं अंतर जुन्याशी लावून बघा. ते जास्त निघालं तर पिस्टन हेडला जाऊन धडकेल. लोक मग सिलिंडरखाली जाड पॅकिंग घालतात आणि काम झालं म्हणतात. सिलिंडर उचलला की सगळी भोकं उचलली जातात, टायमिंग बदललं, हे कुणी बघतच नाही.

आणि वजन! एकाच सिलिंडरची गाडी, क्रँकचे तोल एका ठरावीक वजनाच्या पिस्टनसाठी धरलेले. अण्णा खरंच गुजरीत गेले, सराफाच्या काट्यावर दोन्ही पिस्टन ठेवले, पिन-रिंगांसकट. सराफानं विचारलं, गहाण ठेवायचाय का? फरक चार-पाच ग्रॅमचा निघाला, तेवढा चालतो. अण्णा इतके आनंदात घरी आले की येताना राजाराम रोडवरून भडंगही घेऊन आले.

परवा सगळं सैलसर जोडून बाळूनं सोल्डरची तार वाकवून प्लगच्या भोकातून आत घातली, हातानं क्रँक एक फेरा फिरवला आणि तार बाहेर काढली. टोक चपटं झालेलं. ते मी मापलं, हो मीच, माझाच मायक्रोमीटर. एक मिलिमीटरपेक्षा जास्त आलं, म्हणजे हेड आणि पिस्टनमध्ये जागा आहे. बाळूचा चेहरा बघायला पाहिजे होता. आता मला ‘काकी’ म्हणायला लागलाय, आधी ‘अहो बाई’ म्हणायचा.

कार्बोरेटर मात्र मिककार्बच लावला. जिकोव्ह झिजून इतका सैल झालेला की स्लाइड आत खुळखुळायची. सरांना ते दिसू नये म्हणून अण्णांनी जिकोव्ह घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवलाय, टीव्हीशेजारी. मला तो लपवालपवीचा प्रकार आवडला नाही. काय बसवलं ते वहीत लिहून ठेवावं, गाडी विकायची झाली तर पुढच्याच्या हातात ती वही द्यावी. बाजारात असल्या गाड्या ‘ऑल ओरिजिनल’ म्हणून दुप्पट भावाला जातात आणि आत काय काय निघतं ते आमच्या बाबांनी बघितलेलं आहे.

आता खरं सांगते, कुणाला बोलू नका. अण्णांच्या डोक्यात व्हिंटेजचा नंबर भरलाय. २०२१ ला नियम आलाय ना, पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर. अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. पिस्टन बदलला म्हणजे काही इंजिन बदललं नाही, नंबर तोच कोरलेला आहे केसवर. बरं झालं करिझ्माचं काही आत गेलं नाही. पण त्या नोंदणीची फी २०,००० रुपये! आणि शालूताई दिवाळीला नवा फ्रिज घ्यायचा म्हणून बसल्यात. अण्णांनी घरात अवाक्षर काढलेलं नाही.

तुम्ही विषय काढू नका हं वहिनी. दुपारी त्या कपडे काढायला येतील ना दोरीवरचे, तेव्हा मीच सांगणार आहे.