पत्रकार येणार, कुंड्या मागवा

माननीय कुलगुरू महोदय,

बाहेरगावच्या पत्रकारांना आपण एक दिवसाच्या परिसरभेटीचं निमंत्रण धाडल्याचं कळलं. अभिनंदन! मागे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येऊन गेली, त्यानंतर मुख्य इमारतीला रंगाचा हात लागलेला नव्हता. आता तोही योग आला. १९९४ साली नॅक स्थापन झाली आणि भाड्याने कुंड्या देणाऱ्यांना बरे दिवस आले. त्यात पत्रकारांनीही हातभार लावला, तर बिघडलं कुठे? फक्त एक खबरदारी घ्या. भाड्याच्या कुंडीवर नर्सरीवाला आपलं नाव आणि मोबाइल नंबर तेलरंगात लिहून ठेवतो. ती बाजू भिंतीकडे करायला सांगा. पत्रकारांना वाचता येतं, असं काही ठिकाणी आढळून आलं आहे.

तयारी जोरात आहे म्हणे. स्वागत समिती झाली, भोजन समिती झाली, वाहतूक समिती झाली आणि या तिघींचं आपसात पटत नाही म्हणून समन्वय समितीही झाली. 'सर्व विभागप्रमुखांनी त्या दिवशी आपापल्या विभागात उपस्थित राहावे' असं परिपत्रकही निघालं. महोदय, हे परिपत्रक पत्रकारांच्या हाती पडू देऊ नका. अख्ख्या दौऱ्यातली खरी बातमी तेवढीच आहे.

दौऱ्याचा मार्ग मात्र आखावा तर आपल्या जनसंपर्क अधिकाऱ्यांनीच. प्रवेशद्वाराशी तुतारी. मग पुतळ्याला हार. मग ग्रंथालय. तिथे दुर्मीळ पोथ्या काचेच्या कपाटात आहेत आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत, त्यामुळे पोथ्या सुरक्षित आहेत. त्यानंतर इन्क्युबेशन सेंटर. तिथल्या यंत्रावर झाकलेलं प्लास्टिक काढायचं, पण बटण दाबायचं नाही. ग्रंथालयापासून बस डावीकडे वळवायची, हे ड्रायव्हरला दोनदा बजावून सांगा. कारण उजवीकडे परीक्षा भवन आहे.

परीक्षा भवनात पाहण्यासारखं काही नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे. खिडकीसमोर रांग असते. रांगेत एक मुलगी असते, तालुक्याहून पहाटेची एसटी धरून आलेली. प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिकेची झेरॉक्स, आणि निकालाच्या रकान्यात 'राखीव'. का राखीव, ते कुणी सांगत नाही. खिडकीतले भाऊसाहेब म्हणतात, "कॉलेजचं पत्र आणा." कॉलेज म्हणतं, "विद्यापीठात विचारा." ती विचारायला पुन्हा तोंड उघडते, तेवढ्यात भाऊसाहेब जेवणाच्या सुट्टीची पाटी लावून आत जातात. त्या दिवशी त्यांचं जेवण भोजन समितीकडे असेल, म्हणजे सुट्टी जरा लांबेल.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ म्हणतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावा, फार तर ४५ दिवसांत. कायदा करणाऱ्यांनी परीक्षा भवन पाहिलेलं नसावं, त्यांचीही बस डावीकडेच वळली असणार. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरात खुद्द कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्या बातमीसाठी पत्रकारांना पुष्पगुच्छ देऊन बोलवावं लागलं नव्हतं, हे आपल्या लक्षात असेलच.

पाहुण्यांच्या स्वागताला पत्रकारिता विभागाचे विद्यार्थी उभे करणार आहात, ही कल्पना तर नामी. विभागात पूर्णवेळ शिक्षक एक, बाकीचे तासिका तत्त्वावर. त्यांचं मानधन मार्चअखेर निघेल, असं गेल्या मार्चपासून सांगितलं जातंय. विद्यार्थ्यांना म्हणे तीन सूचना आहेत: फेटा बांधायचा, हसायचं आणि प्रश्न विचारायचे नाहीत. काही नतद्रष्ट लोक यावर हसले. मी त्यांना म्हटलं, अरे, याहून व्यवसायाभिमुख शिक्षण ते कोणतं? पोरांना पुढे नोकरी करायची आहे.

शेवटी सभागृहात शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. किटमध्ये डायरी, पेन, पेनड्राइव्ह आणि प्रेसनोट. प्रेसनोटला शीर्षक आहे, फोटोओळ आहे, पाहुण्यांनी भारावून जाऊन काढलेले उद्गारही आहेत. पाहुणे अजून यायचे आहेत, पण उद्गार तयार आहेत. यात आमच्या बांधवांचाही दोष आहे. पुरणपोळी पोटात गेल्यावर प्रेसनोट जशीच्या तशी पानात जाते, आणि दुसऱ्या दिवशी पाच पेपरांत एकच बातमी एकाच चुकीसह छापून येते.

अमेरिकेत हार्वर्ड नावाचं एक विद्यापीठ आहे. त्यांना यातलं काही कळलेलं नाही. मिल्वॉकीच्या एका वृत्तपत्रमालकाच्या पत्नीने, ॲग्नेस नीमन यांनी, पत्रकारितेचा दर्जा सुधारावा म्हणून मृत्युपत्रात भली मोठी रक्कम ठेवली. तेव्हाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांना या पैशाचं काय करावं ते कळेना. अखेर १९३८ साली त्यांनी नऊ पत्रकार बोलावले. एक दिवस नव्हे, शैक्षणिक वर्षभर! हवा तो वर्ग, हवं ते ग्रंथालय. परीक्षा नाही, पदवी नाही. खुद्द कॉनंट यांनाच हा प्रयोग जमेल याची खात्री नव्हती, पण ही नीमन पाठ्यवृत्ती आजही चालू आहे. विचार करा, महोदय, पत्रकार वर्षभर आवारात! कुंड्यांचं भाडं किती होईल? आणि कुंड्या परत गेल्यावर त्यांना काय काय दिसेल?

म्हणून मला आपली एक दिवसाची पद्धतच पटते. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकायला शाल आहेच.

आता दोन शब्द निमंत्रित पत्रकारांसाठी. बांधवांनो, जरूर जा. तुतारी ऐका, जेवा, शाल घ्या. आग्रहाने वाढतील, नाही म्हणू नका. पण ग्रंथालयापाशी बस डावीकडे वळू लागली की ड्रायव्हरला थांबवा आणि उतरून उजवीकडे चालत जा. रांगेत उभे राहा, पुढच्या मुलीला तिचा निकाल का राखीव आहे ते विचारा आणि मग तोच प्रश्न खिडकीतल्या भाऊसाहेबांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत प्रेसनोट किटमधून काढू नका.