यंदावाला

नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा चाहता जुलै महिन्यात जितका सुखात असतो, तितका सुखी माणूस अमेरिकेत दुसरा सापडणं कठीण. फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू काखोटीला मारून धावायचं आणि माणसावर माणूस आदळायचा, ते अमेरिकी फुटबॉल. जुलैत सामनाच नसतो, त्यामुळे हरण्याची सोय नसते. ऑगस्टवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. 2021, 2022 आणि 2023 अशी लागोपाठ तीन वर्षं या संघानं ऑगस्ट सरायच्या आतच पहिला सामना घालवून दाखवला आहे. पण जुलैत विद्यापीठाच्या लिंकन शहरातल्या या चाहत्याच्या, म्हणजे ‘यंदा नक्की’ म्हणणाऱ्या यंदावाल्याच्या फ्रिजवर वेळापत्रकाचं चुंबक लागलेलं असतं, आणि पाडव्याला संवत्सरफल वाचावं तशा गांभीर्यानं तो ते वाचत असतो. एकूण बारा सामने. पेन्सिल घेऊन तो आधी लिंबूटिंबू संघांचे सामने टिपतो: हे तीन तर खिशातच. मग घरच्या मैदानावरचे, कारण घरी आपण सहसा हरत नाही. ओहायो स्टेटसारखा बलाढ्य संघ आला की पेन्सिल जरा घुटमळते, प्रश्नचिन्ह काढते, पण फुली काही मारत नाही. बेरीज नऊ येते. ती दरवर्षी नऊच येते, आणि वर ‘मी आपले कमीच धरलेत’ असं तो बजावतो.

या माणसाला खेळातलं काही कळत नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. माझं म्हणणं उलट आहे. त्याची आशा अज्ञानातून येत नाही, माहितीतून येते. आणि माहिती जितकी वाढते तितका तो हाताबाहेर जातो. त्या तीन लिंबूटिंबूंचंच घ्या. 2017 मध्ये नॉर्दर्न इलिनॉयनं 21-17, 2018 मध्ये ट्रॉयनं 24-19 आणि 2022 मध्ये जॉर्जिया सदर्ननं 45-42 असं या संघाला हरवलं, तेही लिंकनमध्ये येऊन. हे आकडे तुम्हाआम्हाला शोधावे लागतात, त्याला तोंडपाठ आहेत. 2021 च्या हंगामात संघ बारापैकी नऊ सामने हरला. सामान्य माणूस इथं कपाळाला हात लावेल. यंदावाला सांगतो की नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी झाले, म्हणजे एकेका सामन्यात एकेक चेंडू इकडचा तिकडे झाला असता तर काय झालं असतं, बघा. हे खोटं नाही, हीच तर अडचण आहे. 2022 मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध अकरा गुणांची आघाडी असताना प्रशिक्षकांनी नको तो धाडसी किकचा डाव टाकला आणि सामना 31-28 असा गेला. त्याच दिवशी मैदानावरची पैसे घेण्याची यंत्रणा बंद पडून बिअर फुकट वाटली गेली. त्याच्या हिशेबात हा दिवस निव्वळ तोट्याचा धरला जात नाही.

कुणी म्हणेल, हा प्रेमानं आंधळा झालेला माणूस, त्रयस्थ जाणकार असे फसत नाहीत. फसतात. 2018 मध्ये संघानं चार सामने जिंकले आणि आठ गमावले. पुढच्या हंगामाआधी असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत मत देणाऱ्या पत्रकारांनी याच संघाला देशात 24 वं स्थान दिलं. संघ पाच जिंकून सात हरला. यंदावाल्यानं ते कात्रण जपून ठेवलं असेल तर त्यात त्याचं काय चुकलं?

दुसरा आक्षेप असा की त्या बिचाऱ्यांना दुसरं आहे काय? राज्याची वस्ती सुमारे वीस लाख, फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल किंवा आइस हॉकी, कशाचाच मोठ्या व्यावसायिक लीगमधला संघ नाही, मग जाणार कुठं! पण 30 ऑगस्ट 2023 ला फुटबॉल संघाच्याच मेमोरियल स्टेडियमवर विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना बघायला 92,003 माणसं जमली होती आणि मुली जिंकल्या होत्या. दुसऱ्याच संध्याकाळी फुटबॉलवाले मिनेसोटात 13-10 असे हरले. जिंकणारा संघ घरात आहे. तरी चुंबकावर वेळापत्रक फुटबॉलचंच असतं. 1962 पासून घरचा प्रत्येक सामना ‘हाउसफुल्ल’ झाल्याची नोंद आहे. अलीकडे उरलेली तिकिटं देणगीदारांनी घेऊन गरजू मुलांना दिली, तेव्हा ही साखळी ओढूनताणून टिकवलेली आहे, अशी कुजबुज होते. असेल. पण पडत्या संघाची तिकिटं घ्यायला देणगीदार पुढे येतात, तेही यंदावालेच की.

तिसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे. टॉम ऑस्बर्न 1973 ते 1997 अशी 25 वर्षं प्रशिक्षक होते आणि एकाही हंगामात त्यांचे विजय नऊच्या खाली आले नाहीत. पेन्सिलीतला नऊचा आकडा तिथून आलेला आहे. या आकड्यानंच घात केला, असं म्हणतात. 2003 मध्ये फ्रँक सोलिचना आणि 2014 मध्ये बो पेलिनींना, दोघाही प्रशिक्षकांना नऊ सामने जिंकलेले असताना नारळ मिळाला, कारण नऊ पुरेनासे झाले होते. पेलिनी गेल्यावर 2024 पर्यंतच्या दहा हंगामांत नऊ विजय फक्त एकदा, 2016 मध्ये जमले. दोष आहेच. पण तो आशेचा म्हणावा की घाईचा? 1997 च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट पुढे प्रशिक्षक म्हणून परत आले, 47 पैकी 31 सामने हरले आणि सप्टेंबर 2022 मध्ये त्यांना काढलं. तीन आठवडे कळ काढली असती तर त्यांची सुमारे दीड कोटी डॉलरची भरपाई निम्म्यावर आली असती. म्हणजे वैतागाची किंमत पाऊण कोटी डॉलर, आणि यंदावाल्याच्या आशेची एक पेन्सिल.

आता तर खेळाडूही दरवर्षी विद्यापीठ बदलतात, त्यांना राजरोस पैसे मिळतात, गेल्या वर्षीचा संघ यंदा ओळखू येत नाही. त्यावरही त्याचं उत्तर तयार आहे: हरले ते वेगळेच होते.

सामने सुरू झाले की त्याचा चेहरा उतरतो, पण ते वर्षातले मोजके शनिवार. शेवटचा सामना बहुधा आयोवाशी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी असतो. त्याला भेटायचं असेल तर शनिवारी सकाळी भेटा. 2028 पर्यंतचे बिग टेनमधले, म्हणजे संघ ज्या गटात खेळतो त्यातले, प्रतिस्पर्धी 2023 मध्येच जाहीर झालेले आहेत.